फेरफार

सोहारच्या बंदरामागे आमचा कॅम्प.
गुरुवारी रात्री पिक्चर असतो.
सात नंबरच्या खोलीतली चादर
दोन एसींच्या मधे ताणायची,
खाली वजनाला दोन सेफ्टी बूट बांधायचे,
तरी समुद्राकडचा दमट वारा आला
की हिरोचं नाक ओठाला लागतं.

आज हिरो फौजी आहे. रिटायर.
ट्रंक खांद्यावर घेऊन गावच्या स्टँडवर उतरतो,
आणि उतरल्या उतरल्या त्याला कळतं
की धरण, शाळा, दवाखाना, पाणी
सगळं एकाच माणसानं खाल्लंय.
बरं असतं, एकच माणूस असला की.

पोरं ओरडतात, "इंगवले काका, तुमचाच पिक्चर!"
मी गेटवरच्या खुर्चीतून हात हलवतो.
सतरा वर्षं पलटणीत काढली मी.
उतरलो तेव्हा ट्रंक माझ्याकडेही होती,
खांद्यावर नव्हे, रिक्षात,
आणि वीस रुपये जास्त घेतले त्यानं.

माझ्या गावातला व्हिलन
माझ्याच बाकावर बसायचा, पाचवी ते सातवी.
वसंता खबाले. आता तलाठी कचेरीत.
त्यानं आईची चौकशी केली,
तिच्या हातची शेंगोळी आठवून
खरंच डोळे भरले त्याचे,
मग रुमालानं पुसून म्हणाला,
"ज्ञानबा, बापाच्या नावावरून तुझ्या नावावर
फेरफार. चाळीस."
चाळीस म्हणजे हजार. हे फौजेत शिकवत नाहीत.
पायात डायबेटिसच्या मऊ चपला होत्या त्याच्या.
कुठं मारायची लाथ?

मी पैसे मोजले. थुंकी लावून मोजले.
बर्फात एकदा तीन रात्री पोस्ट सोडली नव्हती,
त्या खिडकीसमोर अकरा मिनिटांत सोडली.

पडद्यावर हिरोनं कचेरीचं दार तोडलं.
फायली उडाल्या, शिट्ट्या, टाळ्या.
मी आपला बघतोय, हे उचलणार कोण?
कुणाचा तरी सातबारा असेल त्यात.

इंटरव्हलला टाइमकीपर आला गेटवर.
आपलाच, गुहागरकडचा, प्रभाकर शिगवण.
दोन कागदी कप, वेलदोड्याचा करक.
त्याच्या पत्रकात पोरांची बस सहाला परत येते,
माझ्या वहीत सात वाजून दहा.
एकशे बारा माणसं. रोजचा तास, वर दहा मिनिटं.
त्यातलं वर कुठवर पोचतं, मला ठाऊक नाही.
"काका, वही नवी लिहून काढा.
थोडा फेरफार. तुमचंही बघू की."

तोच शब्द.
समुद्र ओलांडून आला होता, व्हिसाबिसा न लागता.

मी काय केलं ते सांगतो, फार नाही.
चहा पिऊन टाकला, वाया कशाला घालवायचा.
वही खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसलो.
म्हटलं, "प्रभाकर, अक्षर माझं आहे."
टेबलाखाली गुडघे हलत होते.
तो हसला. "रिन्यूअल मार्चमध्येच ना तुमचं?"
एवढंच. काच फुटली नाही कुठं.

रविवारी लेबर ऑफिसकडे जायला गाडी मिळते.
जाईन का? आत्ता विचाराल तर हो.
सकाळी विचारू नका.

पिक्चर संपला. गाव वाचलं.
दिलबहादुरनं चादर सोडून झटकली,
आपल्या गादीवर घातली आणि झोपला,
मघाशी हिरोची छाती होती तिथं.
बूट ज्याचे त्यानं नेले.

मी बुडाखालून वही काढली. ऊबदार होती.
पाहुण्यांच्या पानावर लिहिलं:
प्रभाकर शिगवण.
आत, नऊ वाजून चार. बाहेर, नऊ बावीस.
येण्याचं कारण: चहापाणी.